ट्रॅकरची बॅटरी: घेताना किती, चालवताना किती

गेल्या वर्षी अक्षय्य तृतीयेला ऊसवाहतुकीचा जुना ट्रॅक्टर शेडमध्ये उभा केला, तो नागपंचमी झाल्यावर बाहेर काढायला गेलो. चावी फिरवली तर नुसता ‘टक्’ असा आवाज. पुन्हा फिरवली, पुन्हा टक्. मीटर लावला तेव्हा बारा व्होल्टच्या बॅटरीत नऊ व्होल्टसुद्धा भरेनात. बॅटरी जेमतेम दीड वर्षाची. दोन दिवस चार्जिंगला ठेवून पाहिली, पण दोनदा सेल्फ मारला की पुन्हा बसायची. शेवटी साडेसात हजार मोजून नवी आणली.

कारण सापडलं ते सीटखाली, काडेपेटीपेक्षा थोड्या मोठ्या डबीत. हंगामात बसवलेला जीपीएस ट्रॅकर. बसवणाऱ्याने लाल आणि काळी अशा दोनच वायरी जोडल्या होत्या. चावीची, म्हणजे इग्निशनची, तिसरी वायर टेप गुंडाळून तशीच सोडून दिली होती. गाडी बंद आहे हे त्या डबीला कळायला मार्गच नव्हता. तीन महिने रात्रंदिवस ती जागेचा पत्ता पाठवत राहिली.

हिशोब सोपा आहे, आणि तो मी बसवून घेतानाच करायला हवा होता. जागा असलेला ट्रॅकर सरासरी ४० मिलिअँपिअर वीज ओढतो असं धरा. चोवीस तासांचे झाले जवळजवळ १ अँपिअर-तास. माझी बॅटरी ८८ अँपिअर-तासांची. नव्वद दिवसांत ती तळाला जाणारच. आणि शिशाची बॅटरी रिकामी राहिली की पत्र्यांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो, मग कितीही चार्ज करा, गेलेली ताकद परत येत नाही. तिसरी वायर जोडलेली असती तर चावी बंद होताच ट्रॅकर झोपला असता. झोपेत तो ५ मिलिअँपिअर घेतो असं धरलं तरी तीन महिन्यांत ११ अँपिअर-तास. ट्रॅक्टर पहिल्या चावीला सुरू झाला असता.

म्हणून ट्रॅकर घ्यायला निघालेल्या प्रत्येकाला माझं सांगणं असतं, की डबीची किंमत नंतर विचारा. ती वीज कुठून घेणार आणि दिवसाला किती घेणार, हे आधी विचारा.

आपला अहिल्यानगर जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा, चौदा तालुके, सतरा हजार चौरस किलोमीटर. लोणीला १९५० साली आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तेव्हापासून इथलं अर्धं अर्थकारण चाकांवर आहे. उसाच्या ट्रॉल्या, जुगाड, हार्वेस्टर, दुधाचे टँकर, कांद्याचे टेम्पो, जेसीबी, बोअरची गाडी. यातली निम्मी अवजारं मालकाच्या नजरेआड, दुसऱ्याच्या हातात चालतात. दीड-दोन लाखांची ट्रॉली आज राहुरीच्या फडावर, परवा नेवाशाच्या. तिची काळजी वाटणं साहजिक आहे, आणि ट्रॅकर ही काळजी बऱ्यापैकी हलकी करतो. फक्त त्याची बॅटरी जिवंत पाहिजे.

ज्याला स्वतःची बॅटरी आहे त्याला

ट्रॅक्टर, टेम्पो, जेसीबी, टँकर यांना वायरीचा ट्रॅकर घ्यावा. दुसरा विचार करू नये. या घडीला साधा ४जी ट्रॅकर दीड ते साडेतीन हजारांत मिळतो, बसवणावळ तीनशे ते पाचशे, आणि सिम व अॅप मिळून वर्षाला हजार ते दीड हजार. भाव सांगताना जीएसटी धरला आहे की सोडला आहे, हे विचारून घ्या. १८ टक्क्यांचा फरक बिलावर दिसतो तेव्हा उगाच वाद होतात.

या डबीच्या पोटातही एक छोटी बॅटरी असते. ती वायर तोडल्यावर ओरडण्यापुरतीच. स्वस्त यंत्रात ती तासाभरात संपते, बऱ्या यंत्रात पाच-सहा तास टिकते. सार्वजनिक प्रवासी वाहनांना सरकारने जे एआयएस-१४० मानकाचं यंत्र सक्तीचं केलं आहे, त्यात आतल्या बॅटरीवर किमान चार तास चालण्याची अट आहे. तुम्हाला ते मानक लागू नसलं तरी चार तासांची मोजपट्टी उचलण्यासारखी आहे. दुकानातच मुख्य वायर काढून बघा. पाच मिनिटांत वायर तुटल्याचा मेसेज फोनवर आला पाहिजे. गौण खनिजाची वाहतूक करणाऱ्यांनी मात्र बाजारातला कुठलाही ट्रॅकर उचलू नये. शासनाच्या महाखनिज प्रणालीला जोडता येईल असंच यंत्र त्यांना लागतं, नाहीतर पैसे दोनदा जातात.

बसवताना शेजारी उभे राहा. तिन्ही वायरी जोडल्या का, लाल वायरीत फ्यूज टाकला का, एवढं डोळ्यांनी पाहा. नंतर चावी बंद करून दहा मिनिटं थांबा आणि मल्टिमीटरने झोपेतली ओढ मोजायला सांगा. ऑटो इलेक्ट्रिशियनला हे दोन मिनिटांचं काम आहे. दहा मिलिअँपिअरच्या वर आकडा दिसला तर सेटिंग दुरुस्त करून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि हंगाम संपल्यावर जे यंत्र सहा महिने उभं राहणार, हार्वेस्टरसारखं, त्याच्या बॅटरीची एक तार सरळ सोडून ठेवावी. ट्रॅकरची आतली बॅटरी मरेल, पण ती काही शे रुपयांची आहे.

ट्रॉलीला काय लावायचं

खरी अडचण ट्रॉलीची. तिला ना इंजिन ना बॅटरी. तिच्यासाठी चुंबकाने चिकटणारा, स्वतःची मोठी बॅटरी असलेला ट्रॅकर येतो. तीन हजारांपासून आठ हजारांपर्यंत. खोक्यावर ‘१०,००० एमएएच’ (मिलिअँपिअर-तास) आणि ‘तीन वर्षं बॅटरी’ असं ठळक छापलेलं असतं. पहिला आकडा बहुधा खरा असतो. दुसरा कोणत्या अटीवर खरा आहे, हे खोक्यावर नसतं.

ट्रॅकर दिवसातून किती वेळा बोलतो यावर सगळं आहे. एकदा जागं होऊन उपग्रह शोधायचे, टॉवर पकडायचा, जागा पाठवायची आणि पुन्हा झोपायचं, यात साधारण दीड मिनिट जातं आणि अडीच एमएएच खर्च होतात. आता दहा हजार एमएएचची बॅटरी घेऊन बसू. दर दहा सेकंदांना जागा पाठवायची म्हटलं तर ट्रॅकर झोपतच नाही. आठ-दहा दिवसांत कारभार आटोपला. तासाला एकदा म्हटलं तर दिवसाचे साठ एमएएच आणि झोपेतले दोन-तीन. कागदावर पाच महिने, प्रत्यक्षात तीन-साडेतीन. सकाळ-संध्याकाळ दोनदाच बोलू दिलं तर बोलण्याचे पाच, झोपेचे अडीच. भागाकार केला तर साडेतीन वर्षांच्या वर उत्तर येतं, आणि खोक्यावरची ‘तीन वर्षं’ इथूनच येतात.

पण चार्ज होणारा लिथियम सेल नुसता ठेवला तरी महिन्याला दोन-तीन टक्के झिरपतो. दहा हजारांचे अडीच टक्के म्हणजे महिन्याला अडीचशे, दिवसाला आठ. ट्रॅकर जेवढं खातो तेवढंच सेल स्वतः गळतो! हे धरून, थंडी-ऊन आणि नेटवर्कची तूट वजा करून, सव्वा ते दीड वर्ष समजावं. तेही वाईट नाही. मात्र तीन वर्षं समजून कुणी निर्धास्त राहिला तर ट्रॉली चोरीला जाईल त्या दिवशी डबी मेलेली असेल.

गळती नको असेल तर न चार्ज होणाऱ्या सेलचा ट्रॅकर असतो. पाण्याच्या आणि गॅसच्या स्मार्ट मीटरमध्ये हेच सेल वापरतात. लिथियम थायोनिल क्लोराइड असं त्याचं लांबलचक नाव, ३.६ व्होल्ट, टॉर्चच्या मोठ्या सेलएवढा आकार आणि पोटात १९,००० एमएएच. वर्षाला एखादा टक्काच गळतो, आणि उन्हालाही तो दाद देत नाही. दिवसातून दोनदा बोलणाऱ्या ट्रॅकरला तो चार वर्षं सहज पुरतो. नवा सेल हजाराच्या आसपास, कधी थोडा कमी. त्याला चुकूनही चार्जर लावू नये. तो फुगतो आणि फुटतो. एकदम जास्त वीज मागितली तर हा सेल दबकतो, म्हणून त्याच्या जोडीला कपॅसिटर असलेलाच ट्रॅकर घ्यावा. विक्रेत्याला हा एक प्रश्न विचारला तरी त्याला माल कळतो की नाही, ते आपल्याला कळतं.

आमच्याकडे काही वाहतूकदारांनी तिसरा मार्ग काढला आहे. यूपीएसमधली बारा व्होल्ट, सात अँपिअर-तासांची बंद बॅटरी हजार-चौदाशेला मिळते. ट्रॉलीच्या साट्याखाली पत्र्याची पेटी वेल्ड करून तीत ही बॅटरी आणि दोन हजारांचा वायरीचा ट्रॅकर. ट्रॅक्टरपासून मागच्या दिव्यांची वायर येतेच. तिच्या बरोबरीने डायोड आणि दोन अँपिअरचा फ्यूज टाकून एक वायर चार्जिंगला. ट्रॉली जोडली की बॅटरी भरते, सोडली की ट्रॅकर तिच्यावर चालतो. नीट झोपणारा ट्रॅकर असेल तर महिनाभर चालतो, दोनच वायरीवाला असेल तर पाच दिवस. सगळं मिळून चार-साडेचार हजारांत होतं. मला हा मार्ग मनापासून आवडतो, कारण यातला कुठलाही भाग बिघडला तरी तालुक्याच्या गावात मिळतो. फक्त फ्यूज टाळू नका. पाचटाने भरलेल्या ट्रॉलीखाली एक ठिणगी म्हणजे काय, हे सांगायची गरज नाही.

सौर पट्टीचा ट्रॅकर जेसीबीच्या टपाला, कंटेनरच्या छपराला छान. साध्या चुंबकवाल्याच्या दीडपट-दुप्पट किंमत. उसाच्या ट्रॉलीला तो नको. मोळ्या बाहेर झुकतात, पट्टी सावलीत जाते, नाहीतर दोराखाली चिरडते. आणि चिमूटभर चिखल बसला तरी चार्जिंग निम्म्यावर येतं.

बॅटरी खाणाऱ्या तीन गोष्टी

पहिली, नेटवर्क. अकोले तालुक्यात राजूर, भंडारदरा, हरिश्चंद्रगडाच्या बाजूला ज्यांचं काम आहे त्यांनी वरचे सगळे हिशोब निम्मे करावेत. टॉवर सापडेना की ट्रॅकर शोधत राहतो, आणि दीड मिनिटाचं जागरण पाच मिनिटांचं होतं. त्यात २जीवर चालणारं यंत्र टॉवर लांब असला की दोन वॅटपर्यंत जोर लावतं. ४जीची कमाल त्याच्या दहाव्या हिश्श्याची. जुन्या सेलचा व्होल्टेज त्या झटक्याला खाली बसतो, डबी बंद पडून पुन्हा सुरू होते आणि पुन्हा शोधाला लागते. अशा भागासाठी ‘दोनदा प्रयत्न करून झोप, जागा साठवून ठेव, नंतर पाठव’ अशी सोय असलेलंच यंत्र घ्यावं.

दुसरी, थरथर. चांगल्या ट्रॅकरमध्ये हालचाल ओळखणारा सेन्सर असतो. उभा असताना दिवसातून एकदा बोलायचं, हलला की दर पाच मिनिटांना, अशी सेटिंग सगळ्यात किफायतशीर. पण कारखान्याच्या यार्डात वजनकाट्याच्या रांगेत ट्रॉली आठ-दहा तास उभी असते आणि पुढचा ट्रॅक्टर धडधडत असतो. ट्रॅकरला वाटतं, ट्रॉली चालली आहे. सेन्सरची संवेदना एक पायरी कमी केली की रांगेतल्या एका रात्रीत जाणारे दोन-अडीचशे एमएएच वाचतात.

तिसरी, जागा. डबी चोराला दिसू नये म्हणून आपण ती चासीच्या आत, दोन लोखंडी पट्ट्यांच्या मध्ये चिकटवतो. तिथून तिला आभाळच दिसत नाही, उपग्रह शोधता शोधता दमते. उघड्यावर वरच्या बाजूला लावली तर मे महिन्यात पत्र्याला हात लावता येत नाही इतका तो तापतो. लिथियम-आयन सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये आणि ६० च्या वर वापरू नये असं बनवणारेच सांगतात. बाजूच्या फाळक्याच्या खालच्या कडेला, रिफ्लेक्टरच्या प्लॅस्टिकमागे, अशी जागा मला सोयीची वाटते. सावलीही मिळते आणि तिरपं आभाळही. धुण्याच्या फवाऱ्याला टिकायला आयपी-६७ दर्जा आणि चार्जिंगच्या भोकावरचा रबरी बूच शाबूत हवा.

बॅटरी आणि माहिती यांचा हा तोल आपल्या जिल्ह्यातल्या एका पाहुण्याने फार आधी दाखवून दिला होता. २००९ च्या उन्हाळ्यात पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला एक वयस्क बिबट्या वनखात्याने बाहेर काढला. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय यांच्या चमूने त्याच्या गळ्यात जीपीएस पट्टा बांधला, कातडीखाली एक सूक्ष्म चिप बसवली आणि त्याला माळशेज घाटात सोडलं. त्याचं नाव आजोबा. महिन्याभरात हा प्राणी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास चालून मुंबईच्या संजय गांधी उद्यानाच्या परिसरात पोचला, आणि ते कळलं पट्ट्यामुळे. वाटेवर पट्टा बोलला म्हणून आपल्याला आजोबाची वाट कळली. पट्ट्याचं काम मात्र काही काळापुरतंच असतं. प्राण्याला ओझं होऊ नये म्हणून बॅटरी मोठी करता येत नाही. २०११ च्या डिसेंबरमध्ये मुंबईजवळ वाहनाच्या धडकेत एक बिबट्या मेला, तो आजोबाच आहे हे कळलं चिपवरून. त्या चिपला बॅटरीच नसते. वाचणारं यंत्र जवळ नेलं की तेवढ्यापुरती वीज ती त्याच्याकडूनच घेते. सुजय डहाके यांचा २०१४ चा ‘आजोबा’ हा चित्रपट याच प्रवासावरचा.

हे सांगण्याचं कारण असं, की ‘वस्तू कुठे आहे’ आणि ‘वस्तू माझीच आहे’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि दुसऱ्याला बॅटरी लागत नाही. ट्रॉलीच्या चासीवर तीन ठिकाणी नंबर ठोकून घ्या, त्यातला एक सहज न दिसणारा. दोनशे रुपयांत होतं आणि वीस वर्षं टिकतं. किल्लीच्या जुडग्याला लावायचे ब्लूटूथ टॅग ट्रॉलीला लावू नका. नाण्याएवढ्या सीआर-२०३२ सेलवर ते वर्षभर चालतात हे खरं, पण ते स्वतः जागा सांगत नाहीत. त्याच कंपनीच्या जाळ्यातला फोन जवळून गेला तरच कळतं. पाथर्डीच्या माळावर असा फोन कधी जाणार?

सेल बदलताना

चुंबकवाल्या ट्रॅकरमध्ये बहुधा १८६५० आकाराचे तीन सेल जोडलेले असतात. दोन-तीन हंगामांनी ते थकतात. बाजारात ९,९०० एमएएच छापलेला याच आकाराचा सेल शंभर-सव्वाशेला मिळतो. तो घेऊ नका. या आकारात चांगल्यातला चांगला सेल साडेतीन हजार एमएएचच्या आसपासच असतो. ओळखायची सोपी युक्ती म्हणजे वजन. खरा सेल पंचेचाळीस-पन्नास ग्रॅम भरतो; बनावट तीसच्या आत. मी एकदा सराफाच्या काट्यावर दोन्ही ठेवून पाहिले, एक ४७, दुसरा २६. त्या हलक्या सेलचं प्लॅस्टिक सोललं तर आत निम्म्या उंचीचा सेल आणि खाली पांढरी भुकटी. चांगला सेल अडीचशे ते चारशेला पडतो. पॅकवर भारतीय मानक ब्युरोच्या आयएस-१६०४६ ची नोंदणी खूण बघा आणि सोल्डरच्या गरम टोकाने सेल थेट जोडू देऊ नका, स्पॉट वेल्डिंगच करून घ्या. तीन सेलांचा पॅक मजुरीसह हजार ते चौदाशे.

तीन वर्षांचा खर्च मांडला तर वायरीचा ट्रॅकर अडीच हजार, बसवणावळ चारशे आणि सिम-अॅपचे वर्षाला बाराशे धरून साडेसहा हजारांच्या घरात जातो. चुंबकवाला चार्जिंगचा साडेचार हजारांचा, सिम-अॅप तेवढंच आणि एकदा बदललेला पॅक बाराशे, असे नऊ हजार तीनशे. न चार्ज होणारा सहा हजारांचा धरला तर नऊ हजार सहाशे. शेवटच्या दोघांत पैशाचा फरक नाहीच. फरक आहे तो चार्जिंग कोण करणार यात. हंगामात ट्रॉली घरापासून लांब, ड्रायव्हर बदललेला, टोळी पालांवर. मालकाने दर महिन्याला बाजाराच्या दिवशी स्वतः जाऊन डब्या उतरवल्या आणि रात्री भरून परत लावल्या, असं होणार असेल तर चार्जिंगवाला घ्या. एकाहून जास्त ट्रॉल्या असतील तर न चार्ज होणाराच बरा. सिम तेरा आकड्यांचं एम२एम घ्यावं. फोनचं नेहमीचं प्रीपेड कार्ड वर्षभर जिवंत ठेवायलाच दोन हजारांच्या आसपास लागतात आणि एक रिचार्ज चुकला की ट्रॅकर मुका.

बिल आपल्या नावाने घ्या आणि त्यावर बॅटरीची वॉरंटी वेगळी लिहून घ्या. यंत्राला वर्ष आणि बॅटरीला सहा महिने हा नेहमीचा प्रकार आहे. ‘दिवसातून अमुक वेळा जागा पाठवून तमुक महिने’ असं एक वाक्य हाताने लिहून सही घेतली तर पुढे भांडायला आधार मिळतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्याने भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही. व्यापारासाठी घेतलेल्या मालाचा खरेदीदार कायद्याने ‘ग्राहक’ ठरत नाही, पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी घेतलेल्याला सूट आहे. एक-दोन ट्रॉल्यांच्या मालकाने हे तक्रारीत पहिल्याच परिच्छेदात लिहावं.

जुने सेल शेडच्या खिडकीत किंवा उकिरड्यावर टाकू नका. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा, पत्र्याच्या डब्यात ठेवा आणि नवे घेताना दुकानदाराला परत द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी ते परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. नवा सेल घातला की डबीच्या पोटावर पक्क्या मार्करने तारीख लिहा, आणि तीच तारीख ट्रॉलीच्या कागदपत्रांच्या पाकिटावर. अॅपमध्ये बॅटरी वीस टक्क्यांवर आली की मेसेज यावा अशी सोय असते. तो मेसेज ड्रायव्हरच्या नव्हे, घरातल्या ज्या माणसाचा फोन नेहमी चालू असतो त्याच्या नंबरवर लावा.